सुतार, लोहार आणि उत्तर समुद्राचा वारा

डेन्मार्कमधल्या आस्कोव या खेड्यातल्या शाळेच्या खिडक्यांच्या काचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अधूनमधून नव्याने बसवाव्या लागत. दोष मुलांच्या खोड्यांचा नव्हता. शाळेतले शिक्षक पोल ला कूर यांनी तिथे एक पवनचक्की उभारली होती. ती वीज तयार करी, त्या विजेने पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन मिळे, तो साठवून ठेवला जाई आणि अंधार पडल्यावर त्याच्यावर शाळेतले दिवे जळत. हायड्रोजनमध्ये थोडासा ऑक्सिजन मिसळला गेला की स्फोट होई आणि काचांचा चुराडा. तरीही १८९५ ते १९०२ अशी सात वर्षे हे दिवे जळत राहिले. वारा आपल्या मर्जीने वाहतो, मग त्याची वीज हवी तेव्हा मिळावी कशी, या प्रश्नाशी आज जगभरचे अभियंते झगडत आहेत. या मास्तरांनी तो सव्वाशे वर्षांपूर्वीच हाती घेतला होता.

डेन्मार्क हा साठ लाख वस्तीचा देश आज आपली निम्म्याहून अधिक विजेची गरज वाऱ्यावर भागवतो. १९९० मध्ये हाच देश नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कोळसा जाळून तयार करत होता. हवामानबदलाच्या बातम्या वाचून ज्यांचे मन खचते त्यांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. यावर कोणी म्हणेल, छोटा श्रीमंत देश, तिन्ही बाजूंनी समुद्र, भरपूर वारा, मग यात नवल ते काय? पण वारा स्कॉटलंडला आहे, आयर्लंडलाही आहे. पैसा जर्मनी आणि अमेरिकेकडे कितीतरी जास्त होता आणि त्यांनी तो पवनचक्क्यांवर ओतलाही. तरी आज जगभर दिसणाऱ्या तीन पात्यांच्या पवनचक्कीची जडणघडण झाली ती डेन्मार्कमध्ये. ती घडवणाऱ्यांत सुतार, लोहार, शाळामास्तर आणि शेतकरी यांचा वाटा मोठा आहे.

वाऱ्यापासून वीज करणारे ला कूर हे पहिले नव्हेत. तो मान सहसा स्कॉटलंडच्या जेम्स ब्लाइथ यांना दिला जातो. १८८७ च्या जुलैत त्यांनी मेरीकर्क गावातल्या आपल्या सुटीतल्या घराच्या बागेत कापडी शिडांची चक्की उभारून घरात दिवे लावले. जास्तीची वीज गावाच्या मुख्य रस्त्यावरच्या दिव्यांना देऊ केली, तर गावकऱ्यांनी ते सैतानाचे काम ठरवून नकार दिला. आस्कोवच्या लोकांनी असे काही केले नाही, कारण ला कूर यांनी सुरुवातच शिकवण्यापासून केली होती. मुळात ते हवामानशास्त्रज्ञ. डेन्मार्कच्या हवामान संस्थेतले वरचे पद सोडून ते १८७८ मध्ये आस्कोवच्या लोकशाळेत शिकवायला आले. शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींसाठी चालवलेली, परीक्षा नसलेली ही शाळा होती. १८९१ मध्ये सरकारी मदतीवर त्यांनी तिथे प्रायोगिक चक्की उभी केली. वाऱ्याचा बोगदा तयार करून त्यात पात्यांचे निरनिराळे आकार तपासले. जुन्या पिठाच्या गिरण्यांसारखी पुष्कळ रुंद पाती लावण्यापेक्षा थोडी आणि वेगाने फिरणारी पाती जास्त वीज देतात, हे त्यांच्या ध्यानात आले. मग १९०३ मध्ये त्यांनी पवन-विजेसाठी एक संस्था काढली आणि खेड्यापाड्यांतल्या मुलांना वीजतंत्री करण्याचे वर्ग सुरू केले. १९१८ च्या सुमारास डेन्मार्कमधल्या सुमारे १२० गावांच्या वीजघरांत पवनचक्क्या होत्या आणि देशाच्या विजेतला सुमारे ३ टक्के वाटा त्यांचा होता.

या वर्गात १९०४ साली सतरा वर्षांचा एक मुलगा शिकून गेला. त्याचे नाव योहानेस यूल. पुढची चाळीसहून अधिक वर्षे तो विजेच्या नेहमीच्या कामांत राहिला आणि साठीला टेकल्यावर पुन्हा वाऱ्याकडे वळला. आजच्या पवनचक्कीचा बाप कोण, असे कोणी विचारले तर मी याच माणसाचे नाव घेईन.

यूल यांची चक्की १९५७ मध्ये डेन्मार्कच्या दक्षिण टोकाला गेडसर इथे सुरू झाली. २०० किलोवॉटची, २४ मीटर व्यासाची, तीन पात्यांची. तिचे मोठेपण कळायला आधी अडचण समजून घ्यायला हवी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. म्हणून पवनचक्कीला भीती असते ती वादळाची. जनित्राचा वीजवाहिनीशी संबंध तुटला आणि त्याच वेळी वादळ असले, तर पात्यांना अडवणारे काहीच उरत नाही. ती वेग घेत जातात आणि काही क्षणांत यंत्राच्या चिंधड्या होतात. यूल यांनी यावर तीन उपाय योजले. पाती अशा कोनात पक्की बसवली की वारा ठरावीक वेगापलीकडे गेला की हवेचा प्रवाह पात्याच्या पाठीवरून सुटतो आणि जोर आपोआप पडतो. त्यासाठी पाती वळवणारी वेगळी यंत्रणा लागत नाही. जनित्र साध्या इंडक्शन मोटरच्या जातीचे घेतले. ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, जोडले की ग्रिडच त्याचा वेग धरून ठेवते. आणि तिसरे म्हणजे प्रत्येक पात्याचे टोक वेगळे ठेवले. वेग हाताबाहेर गेला की हे टोक गर्रकन वळून वाऱ्याला आडवे होते आणि ब्रेक लागतो. संगणक नाही, सेन्सर नाही. ही चक्की दहा वर्षे जवळपास विनातक्रार चालली. १९६७ मध्ये ती थांबली तेव्हा तेल इतके स्वस्त होते की तिच्या दुरुस्तीत कोणाला रस उरला नव्हता. यूल १९६९ मध्ये वारले. त्यांना पुढचे काही पाहायला मिळाले नाही.

चारच वर्षांनी, १९७३ च्या ऑक्टोबरात, अरब देशांनी तेल रोखले. डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलावर होती. रविवारी मोटारी रस्त्यावर आणायला बंदी झाली, लोक हमरस्त्यांवरून सायकली फिरवू लागले. सरकारने अणुवीज केंद्रांचे आराखडे काढले आणि त्याविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली. हसऱ्या सूर्याचा तो जगप्रसिद्ध बिल्ला, ज्याच्याभोवती ‘अणुशक्ती? नको, आभारी आहे’ असे लिहिलेले असते, तो १९७५ साली याच चळवळीतल्या आन लुंड या तरुणीने काढला. अणुऊर्जा चांगली की वाईट हा वाद इथे नको. मुद्दा असा की नको म्हणणाऱ्यांवर पर्याय दाखवण्याची जबाबदारी आली आणि डेन्मार्कमधल्या काही जणांनी ती अंगावर घेतली.

क्रिस्टियन रिसागर हे जटलंडमधले सुतार. त्यांनी घराच्या आवारात गेडसरच्या चक्कीची लहान आवृत्ती केली, बाजारात मिळणारे सुटे भाग वापरून, २२ किलोवॉटची. ती सरळ घरच्या विजेला जोडली. वारा जोराचा असला की मीटर उलटा फिरे. वीज कंपनीची परवानगी मागायची ती नंतर. अशा कितीतरी चक्क्या त्यांनी विकल्या आणि ग्रिडमध्ये बाहेरची वीज आली तर काहीतरी भयंकर होईल, ही भीती खोटी ठरली.

त्याच सुमारास उत्तर समुद्राकाठच्या उल्फबोर्गजवळ ट्विन्ड शाळांच्या शिक्षकांनी जगातली सर्वांत मोठी पवनचक्की बांधायला घेतली. २९ मे १९७५ रोजी खड्डा खणायला सुरुवात झाली. पैसे शिक्षकांनी आपापले पगार एकत्र करून उभे केले. शिक्षक, विद्यार्थी आणि देशभरातून येणारे स्वयंसेवक असे शेकडो लोक तीन वर्षे राबले. ५३ मीटर उंचीचा काँक्रीटचा मनोरा त्यांनीच ओतला. गिअरबॉक्स स्वीडनमधल्या तांब्याच्या खाणीतला, जनित्र कागदाच्या गिरणीतले, मुख्य दांडा मोठ्या जहाजाच्या पंख्याचा. सगळा माल जुना, भंगाराच्या वाटेवरचा. पाती मात्र कुठे विकत मिळण्यासारखी नव्हती. सत्तावीस-सत्तावीस मीटरची तीन पाती त्यांनी काचतंतूंवर राळ फासत, थरावर थर चढवत हातांनी घडवली. जाणकारांचे साहाय्य त्यांनी घेतले, पण काम स्वतः केले. २६ मार्च १९७८ रोजी चक्की फिरली. २ मेगावॉटची ती यंत्रणा सावधगिरीने निम्म्या ताकदीवर चालवली गेली आणि अजूनही ती चालते आहे. पुढे ट्विन्डच्या पुढाऱ्यांवर आर्थिक गैरव्यवहाराचे खटले झाले, संस्थेचे नाव बदनाम झाले. त्याने चक्कीचे श्रेय कमी होत नाही. ट्विन्डकरांनी आपल्या कामाचे पेटंट घेतले नाही. लहान चक्कीसाठी केलेले पात्याचे साचे त्यांनी इतर हौशी कारागिरांच्या हाती जाऊ दिले, आणि त्यातून डेन्मार्कमध्ये पाती बनवण्याचा धंदा सुरू झाला.

ट्विन्डचे बांधकाम पाहायला गेलेल्यांत हेन्रिक स्टीस्डाल नावाचा एक तरुण होता. घरी येऊन त्याने वडिलांच्या शेतावर छोटी चक्की केली आणि मग कार्ल एरिक यॉर्गेन्सन या लोहाराबरोबर मोठी. तीन पाती, वाऱ्याकडे तोंड, यूल यांच्यासारखीच साधी रचना, ३० किलोवॉट. लेम गावातल्या एका कंपनीने १९७९ मध्ये या रचनेचे हक्क घेतले. ही कंपनीही १८९८ च्या एका लोहारशाळेतूनच वाढलेली. दुधाच्या कॅन थंड करण्याची यंत्रे, शेतीच्या गाड्या आणि ट्रकवरच्या क्रेन हा तिचा माल. तिचे नाव वेस्टास. आज ती जगातल्या सर्वांत मोठ्या पवनचक्की-उत्पादकांपैकी एक आहे.

इथवरची गोष्ट हौशी कारागिरांची. तिचे उद्योगात रूपांतर झाले ते दोन गोष्टींमुळे, आणि त्या दोन्ही दिसायला फार कंटाळवाण्या आहेत. पहिली म्हणजे तपासणी. रोस्किल्डजवळचे रिसो हे डेन्मार्कचे अणुसंशोधन केंद्र, नील्स बोर यांच्या पुढाकाराने उभारलेले. तिथे १९७८ मध्ये पवनचक्क्यांचे चाचणी केंद्र निघाले. पुढच्या वर्षी सरकारने चक्की घेणाऱ्याला किमतीच्या ३० टक्के अनुदान जाहीर केले, पण अट घातली की चक्कीच्या नमुन्याला रिसोची मान्यता हवी. वादळात बेफाम सुटून काही चक्क्या मोडल्यावर हवेच्या जोरावर चालणारे ब्रेक सक्तीचे झाले. दुसरी गोष्ट म्हणजे चक्की-मालकांची संघटना. तिच्या मासिकात दर महिन्याला देशातल्या चक्क्यांनी किती वीज दिली आणि कोणत्या मॉडेलचे काय मोडले, याचे तक्ते छापून येत. ग्राहक शेतकरी असला तरी त्याला तक्ता वाचता येत असेच. गिअरबॉक्स कुचकामी निघाला की पुढच्या महिन्यात साऱ्या देशाला कळे. असे तक्ते छापणारे मासिक आपल्याकडच्या शेतीपंपांना किंवा ट्रॅक्टरना मिळाले असते तर किती शेतकऱ्यांचे पैसे वाचले असते, असे हे वाचताना मनात येते.

याच काळात मोठ्या देशांत काय चालले होते? जर्मनीने ग्रोविआन नावाची चक्की बांधली: ३ मेगावॉट, १०० मीटर व्यास, दोन पाती. नामांकित उद्योगांचे आणि विमानविद्येच्या तज्ज्ञांचे काम. १९८३ ते १९८७ या काळात ती सगळी मिळून अवघी चारशे-साडेचारशे तास चालली आणि मग तोडून टाकण्यात आली. अमेरिकेत नासाच्या देखरेखीखाली बोइंगसारख्या कंपन्यांनी अडीच-तीन मेगावॉटची अजस्र यंत्रे केली, त्यातूनही टिकाऊ धंदा उभा राहिला नाही. या तज्ज्ञांची बुद्धी कमी नव्हती. त्यांनी कागदावरून थेट शिखर गाठायचा घाट घातला, आणि वाऱ्याच्या सतत बदलत्या माराने धातू कसा थकतो, हे त्या वेळी कागदावर लिहिलेलेच नव्हते. डेन्मार्कवाल्यांनी ३० किलोवॉटची चक्की विकली, मोडली, दुरुस्त केली, मग ५५ ची केली, मग ९० ची. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियाने करसवलती दिल्या आणि तिथल्या टेकड्यांवर हजारो चक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा अमेरिकन बनावटीच्या अनेक चक्क्या मोडून पडल्या आणि वजनदार, ओबडधोबड डॅनिश चक्क्या फिरत राहिल्या. सवलती संपल्यावर १९८६ मध्ये वेस्टासचेही दिवाळे निघाले होते. ती नव्याने उभी राहिली; तिला घरचे गिऱ्हाईकही होते.

हे घरचे गिऱ्हाईक म्हणजे सहकारी गट. एकट्या शेतकऱ्याला चक्की परवडत नसे, म्हणून आळीतली दहा-वीस घरे मिळून घेत. भागधारक त्याच परिसरातला असावा आणि त्याने घरच्या वापराच्या मानानेच भाग घ्यावेत, असे सुरुवातीचे नियम होते. शतक सरता-सरता एक लाखावर कुटुंबे अशा गटांत होती. सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ पाहिलेल्या मराठी वाचकाला यात काही अनोळखी वाटू नये. कोपनहेगनच्या समोर समुद्रात २००० साली मिडलग्रुंडेन हा प्रकल्प झाला. त्यात कमानीसारख्या रेषेत वीस चक्क्या आहेत, एकूण ४० मेगावॉटच्या. त्यातली निम्मी मालकी शहरातल्या आठ हजारांवर सामान्य भागधारकांच्या सहकारी संस्थेची होती. राजधानीच्या किनाऱ्यासमोर यंत्रांची रांग, तरी विरोध विरला, कारण ती यंत्रे पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांची स्वतःची होती.

समुद्रात चक्क्या रोवण्याची सुरुवातही इथलीच. लोलंड बेटाजवळ विंडेबी इथे १९९१ मध्ये ४५० किलोवॉटच्या अकरा चक्क्या पाण्यात उभ्या राहिल्या. जगातले हे पहिले सागरी पवनवीज केंद्र. पंचवीस वर्षे वीज देऊन २०१७ मध्ये ते काढून टाकले. त्यामागच्या अभियंत्यांत तोच स्टीस्डाल होता. २०२४ मध्ये त्याला अभियांत्रिकीतले ‘क्वीन एलिझाबेथ पारितोषिक’ मिळाले. त्या पहिल्या ३० किलोवॉटच्या चक्कीचा व्यास १० मीटर होता. वेस्टासच्या आजच्या १५ मेगावॉटच्या सागरी चक्कीचे एकेक पाते ११५ मीटरहून लांब आहे. शक्ती पाचशेपट. मूळ रचना मात्र अजून ओळखू येते.

वारा पडतो तेव्हा काय? इथे शेजारधर्म उपयोगी पडतो. नॉर्वेची बहुतांश वीज धरणांची, आणि १९७० च्या दशकापासून समुद्राखालून दोन्ही देशांमध्ये केबल आहेत. डेन्मार्कमध्ये वारा सुटला की नॉर्वे ती वीज घेते आणि आपले पाणी धरणात राखून ठेवते. वारा पडला की तेच पाणी सोडून वीज परत पाठवते. नॉर्वेची धरणे म्हणजे डेन्मार्कच्या वाऱ्याचे बचत खाते. १० जुलै २०१५ च्या पहाटे डेन्मार्कच्या चक्क्यांनी देशाच्या मागणीच्या १४० टक्के वीज तयार केली आणि वरची सगळी नॉर्वे, स्वीडन आणि जर्मनीला गेली.

सगळेच सुरळीत आहे असे नाही. उत्तर समुद्रातल्या ३ गिगावॉटच्या जागांसाठी डेन्मार्कने मागवलेल्या बोलींची मुदत डिसेंबर २०२४ मध्ये संपली, तेव्हा एकही कंपनी पुढे आली नव्हती. कर्जे महागली, पोलाद महागले आणि सरकारने अनुदान ठेवले नव्हते. नंतर सरकारला अनुदानासह नव्या अटी काढाव्या लागल्या. जुन्या पात्यांतले काचतंतू आणि राळ वेगळी करणे अजून महागात पडते. जमिनीवरच्या नव्या चक्क्यांना होणारा विरोधही वाढला आहे, आणि तो वाढला त्याच काळात, जेव्हा गावगटांच्या जागी मोठ्या कंपन्या मालक झाल्या. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

डेन्मार्कचा वारा आपल्याकडेही फार लवकर पोहोचला. १९८६ मध्ये महाराष्ट्र, गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांवर भारतातली पहिली पवनवीज केंद्रे सुरू झाली, ती वेस्टासच्या ५५ किलोवॉटच्या चक्क्यांवर. पुढे सातारा जिल्ह्यातले चाळकेवाडी-वनकुसवड्याचे पठार आणि धुळे जिल्ह्यातला ब्राह्मणवेलचा माळ चक्क्यांनी भरून गेला. देशाची पवनवीज क्षमता २०२५ मध्ये ५० गिगावॉटच्या पुढे गेली. मात्र आपल्याकडचा पहिला मोठा बहर आला तो घसाऱ्यावरच्या करसवलतीपोटी. मालक दूरच्या शहरातल्या कंपन्या आणि गुंतवणूकदार. पठारावरच्या गावांकडे जमिनीचे पैसे आले, चक्की आली नाही.

डेन्मार्कने २००९ पासून कायद्यानेच असे ठरवले होते की नवी चक्की उभारणाऱ्याने किमान २० टक्के हिस्सा साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रौढांना मूळ किमतीत देऊ करायचा. २०२० मध्ये त्याऐवजी शेजाऱ्यांना दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याची पद्धत आली. सातारा, सांगली, धुळ्याच्या माळांवरच्या जुन्या लहान चक्क्यांचे आयुष्य आता संपत आले आहे आणि त्यांच्या जागी मोठ्या बसवण्याचे करार होणार आहेत. ते कागद ग्रामपंचायतीपुढे येतील तेव्हा गावाने भाड्याच्या रकमेवर घासाघीस करून थांबू नये, मालकीतला हिस्साही मागावा.